इनास काकांच्या नावापुढे "कायमचं बंद"

हे मी मंदारलासुद्धा सांगितलेलं नाही. मंदार माझा नवरा. माझ्या पोटात काही राहत नाही असा त्याचा ठाम समज आहे, आणि तो समज मी इतकी वर्षं नीट सांभाळला आहे. आईला सांगितलं नाही, नागपूरच्या मैत्रिणींना नाही. एकदा-दोनदा सांगायला बसले होते — पण मी सांगायला बसले की आधी दुसरंच काहीतरी सांगत सुटते, आणि मूळ गोष्टीपाशी यायच्या आत चहा होऊन जातो. आजही कदाचित तसंच होईल. तुम्ही फक्त बसून राहा.

आम्ही कॅनडात, वॉटर्लूला आलो ते मंदारच्या नोकरीमुळे. पुण्यात मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये होते, हाताखाली टीम होती, मीटिंगमध्ये माझं बोलणं लोक ऐकून घ्यायचे. इथे आले आणि मी "मंदारची बायको" झाले. अप्लाय करत राहायचं, आणि समोरून "कॅनेडियन एक्स्पीरियन्स आहे का?" असं विचारलं जायचं. तो कुठे मिळतो हे मात्र कोणी सांगत नसे. मग मुलगी झाली. तिच्या झोपेच्या वेळात मी वेबसाइट करायला शिकले. दुसरं काय करणार होते?

त्यातलं एक काम मला फार लवकर जमायला लागलं. एखादा माणूस सर्चमध्ये "वॉटर्लू" आणि "डेंटिस्ट" असं टाकतो, तेव्हा समोर नावं येतात, बाजूला नकाशा येतो. कुठलं नाव पहिलं येणार, हे नशिबावर नसतं. पानावर शब्द कुठे ठेवायचे, दुसऱ्या कोणाच्या साइटवरून आपल्याकडे लिंक कशी आणायची, नकाशावर दुकानाची नोंद कशी भरायची — या सगळ्याची एक युक्ती असते. लोक पहिली दोन-तीन नावं बघतात आणि फोन लावतात. खाली कोण आहे ते बघायला कोणाला वेळ असतो?

माझं पहिलं खरं गिऱ्हाईक म्हणजे निखिल. मंदारच्या ऑफिसातला, पुण्याचाच. त्या वर्षी गावात बऱ्याच कंपन्यांनी माणसं कमी केली, त्यात त्याचीही नोकरी गेली. तो रडत बसला नाही. त्याने गाड्या घेतल्या, लायसन्स काढलं आणि ड्रायव्हिंग स्कूल सुरू केलं. वेबसाइट माझ्याकडे दिली आणि म्हणाला, "वहिनी, मला पहिल्या नंबरवर आणा, पुढे आणखी लोकांना तुमचं नाव सांगतो." वहिनी म्हणाला, पण काम मला दिलं, मंदारला नाही. तुम्हाला हे क्षुल्लक वाटेल. मला तेव्हा ते फार मोठं वाटलं होतं.

निखिलला मी दुसऱ्या नंबरवर आणलं. आणि तिथे तो अडकला.

पहिल्या नंबरवर इनास काका होते.

इनास काका वसईचे. मुंबईत बस चालवायचे, मग मेव्हण्याच्या मागून कॅनडाला आले आणि इथे लोकांना गाडी शिकवायला लागले. रविवारी चर्च, बाकीचे दिवस गाडी. आपल्याकडच्या कितीतरी बायका त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या — नवऱ्याकडून शिकायला जायच्या, पहिल्या वळणावर भांडण व्हायचं, दुसऱ्यावर रडणं, आणि मग कोणीतरी इनास काकांचा नंबर द्यायचं. ते हसून म्हणायचे, "नवऱ्याकडून स्वयंपाक शिका, गाडी शिकू नका."

मीही त्यांच्याकडेच शिकले. एकदा मोठ्या चौकात डावीकडे वळताना मी मध्येच थांबले. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या, आणि मी ब्रेकवर पाय रोवून बसले होते. काकांनी आवाज चढवला नाही. म्हणाले, "हॉर्न त्यांचा आहे पोरी, वाजवू दे. आपण आपलं बघू." मग सिग्नल बदलला, आणि मी वळले. त्यानंतर मी या देशात एकटी कुठेही जायला लागले. मुलीला घेऊन लायब्ररीत, ग्रोसरीला, बर्फातसुद्धा. मला कॅनडात पाय फुटले ते त्या माणसामुळे. हे मी आज म्हणत नाही, तेव्हाही सगळ्यांना सांगायचे.

त्यांची वेबसाइट एकाच पानाची होती. त्यांच्या लेकीने शाळेत असताना केलेली. वर नाव लाल अक्षरांत उघडझाप करत असे, खाली बर्फाने झाकलेल्या गाडीचा फोटो, त्याखाली फोन नंबर. बस. ती पहिली यायची कारण ती जुनी होती. युनिव्हर्सिटीच्या मुलांच्या कुठल्यातरी पानावर तिची लिंक होती, आपल्या मंडळाच्या साइटवर होती, चर्चच्या साइटवर होती. आपण पहिल्या नंबरवर आहोत हे काकांना माहीतही नव्हतं. असा काही नंबर असतो हेच माहीत नव्हतं.

आणि मला त्याचा राग यायचा. खरं सांगते, राग यायचा. मी महिनोन्महिने एकेक ओळ घासून-पुसून लावायचे, आणि वर ती उघडझाप करणारी लाल अक्षरं. जणू कोणीतरी मलाच डोळा मारतंय. निखिल काही बोलायचा नाही, पण फोन केला की विचारायचा, "वहिनी, काही हललं का?" हा प्रश्न मला टोचायचा. मी पुण्यात असते तर हे झालं असतं का? मी काय त्या लाल अक्षरांपेक्षाही गयीगुजरी?

मग मी लबाड्या सुरू केल्या. पांढऱ्या पानावर पांढऱ्याच अक्षरांत शब्द भरून ठेवले — माणसाला दिसत नाहीत, पण सर्च इंजिन वाचतं. खोट्या नावांनी निखिलचं कौतुक लिहिलं. एक "जेनिफर" केली, एक "मायकल" केला, मायकलला तर मी पहिल्याच झटक्यात टेस्ट पास करून दिली. त्या काळात हे सगळेच करायचे. यातलं काही मी मंदारला हसत-हसत सांगितलेलंही आहे. बघा, मी पुन्हा भलत्याच गोष्टीत शिरले.

नकाशावर तेव्हा एक सोय होती. एखादं दुकान बंद झालं असेल तर कोणीही कळवू शकत असे. चांगल्यासाठीच होती ती सोय, लोकांची खेप फुकट जाऊ नये म्हणून. मालकाने आपली नोंद स्वतःच्या ताब्यात घेतलेली असेल तर त्याला कळायचं. काकांनी घेतलेली नव्हती. हे मला पक्कं माहीत होतं, कारण मीच बघितलं होतं. तपासून बघायची सवय माझी जुनीच, टेस्टिंगवाली ना मी.

दुपार होती. मुलगी झोपली होती. मी इनास काकांचं ड्रायव्हिंग स्कूल उघडलं आणि "हे ठिकाण कायमचं बंद झालं आहे" यावर क्लिक केलं.

काही झालं नाही. एकाच्या कळवण्याने होत नसे. इथे मी थांबू शकले असते, आणि मग आज तुम्हाला सांगायला काही नसतं. पण मी मंदारच्या लॅपटॉपवरून पुन्हा कळवलं. मग मुलीला जॅकेट-टोपी-मोजे सगळं चढवून, स्ट्रोलर गाडीत टाकून, लायब्ररीत गेले आणि तिथल्या कॉम्प्युटरवरून कळवलं. गाडीने गेले. इनास काकांनी शिकवलेली गाडी चालवत गेले. म्हणजे चुकून झालं, एका क्षणाचा मोह होता, असं काही म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही. मुलीने लायब्ररीत रंगीत पुस्तकं मागितली, ती घेऊन आम्ही घरी आलो.

थोड्याच दिवसांत काकांच्या नावापुढे लाल अक्षरांत आलं — कायमचं बंद. निखिल पहिल्या नंबरवर गेला. त्याने फोन केला, आनंदाने नुसता ओरडत होता. त्याला काही माहीत नव्हतं, आजही माहीत नाही. मंदारने त्या संध्याकाळी बाहेर जेवायला नेलं, आणि मी पोटभर जेवले.

तुम्ही म्हणाल, ही झाली गोष्ट. मलाही वाटायचं की हीच ती गोष्ट. पण हे मी एका दमात सांगून टाकलं. म्हणजे ही ती नव्हे.

आता आपल्या लोकांचं ऐका. युनिव्हर्सिटीत नवी मुलं आली होती, नव्या नवऱ्यांच्या मागून नव्या बायका आल्या होत्या. कोणीतरी काकांचं नाव सुचवायचं, दुसरं कोणीतरी सर्चमध्ये बघायचं, आणि तिथे "बंद". ज्यांच्याकडे काकांचा फोन नंबर होता अशी डझनावारी माणसं गावात होती. एकाने तरी फोन करून विचारावं, काका, हे काय आहे? नाही. आपल्याला भीड पडते. माणसाचा धंदा बसला तर त्याला विचारायचं कसं, त्याला वाईट वाटेल. त्यात काका गणपतीला यायचे, आरतीला हात जोडून उभे राहायचे, पण त्यांच्या घरी कोणाचं जाणं-येणं नव्हतं. ते चर्चवाले, आपण आपले. म्हणून सगळ्यांनी बघितलं, सगळ्यांना हळहळ वाटली, आणि सगळे गप्प बसले. मी हे असं होईल हे धरून चालले होते का? बहुतेक हो. आपली माणसं मला चांगली ठाऊक आहेत.

जानेवारीत संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, एका मैत्रिणीच्या घरी, बेसमेंटमध्ये. तिथे काकांचा विषय निघाला. त्याचं जरा थांबून सांगते.

फेब्रुवारीत काका माझ्याकडे आले. फोन करून आले, काकूंनी तळलेले फुगे — वसईकडचे मैद्याचे गोडसर गोळे — डब्यातून घेऊन. डायनिंग टेबलाशी जॅकेट न काढताच बसले. एका विद्यार्थ्याने त्यांना फोनवर दाखवलं होतं. म्हणाले, "अगं, मी जिवंत, गाडी चालू, आणि हे म्हणतात पर्मनंटली क्लोज्ड. तू कॉम्प्युटरवाली, तूच सांग. कोणी केलं असेल हे?"

मी त्यांच्याकडे न बघता लॅपटॉप उघडला. मी म्हणाले, "सिस्टिमची चूक असते काका कधीकधी."

"असं होय," ते म्हणाले. आणि त्यांनी विश्वास ठेवला.

मी दुरुस्त केलं. त्यांच्या नावाने नोंद ताब्यात घेतली, फोटो लावले, आणि काही दिवसांत ती लाल अक्षरं गेली. त्यांनी पैसे विचारले, मी घेतले नाहीत, तर त्यांचे डोळे भरून आले. माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या हाताखाली मी बसून होते, आणि मला वाटत होतं — सुटले. निस्तरलं. आता सगळं पहिल्यासारखं होईल.

झालं नाही. नोंद उघडी होती, फोन येत नव्हते. मार्च गेला, एप्रिल आला, बर्फ वितळला. हाच त्यांचा खरा सीझन, सगळ्यांना उन्हाळ्याच्या आत टेस्ट द्यायची असते. निखिलच्या गाड्या दिवसभर गावातून फिरत होत्या, आणि काकांची गाडी त्यांच्या ड्राइव्हवेवर उभी असायची. मी मुद्दाम त्या रस्त्याने जाऊन बघायचे.

मग ते परत आले. या वेळी एकटेच, हातात काही नाही, फक्त एक पाकीट. त्यातून त्यांनी एक कागद काढला आणि माझ्यासमोर ठेवला. डोळ्यांच्या डॉक्टरांचा रिपोर्ट होता. म्हणाले, "लोक म्हणतात इनासला दिसत नाही. मला तोंडावर कोणी बोललं नाही, मार्थाच्या, तुझ्या काकूच्या, कानावर आलं. म्हणून मी डोळे तपासून घेतले. बघ, डॉक्टर म्हणतात फर्स्ट क्लास. हे जरा साइटवर टाकशील? वरच टाक, सगळ्यांना दिसेल असं."

मी तो कागद स्कॅन केला. वाकडा आला म्हणून पुन्हा केला. एका माणसाच्या डोळ्यांचा रिपोर्ट त्याच्याच नावाखाली, त्याच्याच गाडीच्या फोटोशेजारी लावला, आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवून विचारलं, "असा बरा दिसतो का काका?" ते खुर्चीतून पुढे वाकून बघत होते. म्हणाले, "छान दिसतो."

आता सांगते. डोळ्यांची गोष्ट कुठून निघाली ते.

त्या हळदीकुंकवाला इंदूरहून नवी आलेली एक मुलगी विचारत होती, गाडी शिकवायला कोणी आपलं माणूस आहे का. कोणीतरी म्हणालं, "इनास काका होते गं, पण त्यांनी बंद केलं म्हणे." "अगंबाई, का?" "कोणास ठाऊक. सर्चमध्ये तसं दाखवतं." आणि सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी त्यांची शिष्या, शिवाय मला इंटरनेटवरचं कळतं. मला काही माहीत नाही, असं म्हणून वाण पुढे सरकवता आलं असतं. ते चुकीचं आहे, काका अजून शिकवतात, असंही म्हणता आलं असतं. त्या एका वाक्याने सगळं मिटलं असतं, आणि माझं बिंगही फुटलं नसतं. तरी मी काय म्हणाले?

मी म्हणाले, "वय झालंय ना त्यांचं. डोळ्यांचं काहीतरी असेल. रिस्क कशाला घ्यायची? निखिलकडे जा."

एवढंच. तिळगूळ हातात होता. बायकांनी "हो ना, बिचारे" म्हटलं आणि विषय उखाण्यांकडे वळला. मी "आहे" म्हटलं नव्हतं, "असेल" म्हटलं होतं — हे मी स्वतःला बरीच वर्षं ऐकवत आले. पण मी म्हटलं होतं, म्हणून त्या बेसमेंटमधून वर जाईपर्यंत ते "आहे" झालं होतं. मग नवऱ्यांना कळलं, मग ऑफिसात, मग दीड तासावरच्या लंडनपर्यंत पोचलं — इथलं, कॅनडातलं लंडन. क्लिक मी पुसू शकले. हे कसं पुसणार? आणि पुसायला मी गेले का? एकीलाही मी नंतर फोन केला नाही. रिपोर्ट साइटवर आल्यावर उलट बायका म्हणाल्या, बघा, काहीतरी असल्याशिवाय कोण असा कागद लावतं? मी तेव्हाही तिथेच होते. तेव्हाही गप्प.

काकांनी त्या उन्हाळ्यात स्कूल बंद केलं. निखिलनेही पुढे वर्षभरात चांगली नोकरी मिळाली तसं त्याचं स्कूल विकून टाकलं. मला मात्र त्याच्यामुळे कामं मिळाली, मग आणखी मिळाली. आज माझं ऑफिस आहे, हाताखाली पुन्हा टीम आहे, आणि मीटिंगमध्ये माझं बोलणं लोक ऐकून घेतात.

काका-काकू लंडनला लेकीकडे राहायला गेले. आम्ही नाताळात जातो. पहिल्याच वर्षी बघितलं, लेक गाडी काढते आणि काका शेजारी बसतात. मी विचारलं तर हसले. म्हणाले, "रिपोर्ट चांगलाच आहे गं. पण एवढी माणसं म्हणतात, तर मलाच आता वाटतं, काहीतरी असेल. कशाला रिस्क घ्यायची?" माझेच शब्द होते. त्यांना ते माझे आहेत हे ठाऊक नव्हतं. ज्याने मुंबईत बस चालवली, ज्याने अर्ध्या गावाला गाडी शिकवली, तो माणूस आता कोणी नेलं तर चर्चला जातो. आणि घरी पाहुणे आले की माझी ओळख करून देतो, "सगळ्यांनी पाठ फिरवली तेव्हा ही एकटी पोर माझ्यासाठी उभी राहिली." मी मान खाली घालते. लोकांना तो विनय वाटतो.

एक अजून राहिलं. हे मी मनातल्या मनातसुद्धा कधी पूर्ण बोललेले नाही.

हळदीकुंकवाच्या त्याच दुपारी मी प्लाझात वाणाचं सामान घ्यायला गेले होते. पार्किंगच्या पार दुसऱ्या टोकाहून कोणीतरी हाक मारली. इनास काका होते, त्या दिवसांत मोकळेच असायचे. बर्फासाठी रस्त्यावर टाकतात त्या मिठाने पांढऱ्या पडलेल्या इतक्या गाड्या उभ्या होत्या, आणि त्यांतून एवढ्या लांबून त्यांना दिसलं होतं की माझ्या गाडीचं मागचं चाक बसलंय. तशीच जाऊ नकोस म्हणाले. माझ्याबरोबर गॅस स्टेशनपर्यंत आले, थंडीत वाकून स्वतः हवा भरून दिली. मी त्यांना थँक्यू म्हटलं, आणि त्याच गाडीने हळदीकुंकवाला गेले.